लेकराला गेममध्ये डायमंड गिफ्ट करणारा 'दादा' कोण?

प्रश्न : ताई, माझं लेकरू सातवीला आहे, सुट्टीत दिवसभर ते बंदुकीचं गेम खेळायलंय. आधी माईकवर कुणीतरी मोठा माणूस त्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. आता एक 'दादा' भेटलाय, गिल्डमधला (गेममधल्या ग्रुपमधला), लई गोड बोलतो, रँक वाढवून देतो, परवा डायमंड (गेममधले पैसे देऊन घ्यायचे हिरे) पण गिफ्ट केले आणि आता इन्स्टावर ये म्हणायलाय. ह्यांना सांगितलं तर म्हणतात गेमच डिलीट कर. काय करू? (एक आई, सेलू)

उत्तर : ताई, डिलीट लगेच करू नका. फोन काढून घेतला की लेकरू शेजारच्या पोराच्या फोनवर खेळतं, आणि वर पुढच्या वेळी काही झालं तरी घरी सांगत नाही, कारण सांगितलं की गेम जातं हे त्याला कळलेलं असतं.

शिव्या देणारा वाईटच, पण तो उघड आहे, म्यूट करा, रिपोर्ट मारा, विषय संपला. मला काळजी आहे ती ह्या गोड बोलणाऱ्याची. आता प्रत्येक दादा वाईट असतो असं नाही, कॉलेजची पोरं लहानांना हौसेनं खेळवतात पण. पण खिशातले पैसे घालून अनोळखी लेकराला गिफ्ट द्यायचं आणि मग त्याला गेमच्या बाहेर, जिथं बाकीचे ऐकत नाहीत तिथं बोलवायचं, ह्याची पद्धत ठरलेली असते बघा. आधी उपकार, मग 'घरी सांगू नको', मग फोटो मागायचे, आणि फोटो हातात आला की धमकी. त्यामुळं लेकराला न रागावता एवढंच विचारा, घरी सांगू नको असं तो कधी म्हणाला का? हो म्हणालं तर पुढं काही बघायची वाट बघू नका.

ब्लॉक करायच्या आधी चॅटचे, त्याच्या गेम आयडीचे, इन्स्टाच्या नावाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा (लोक रागात सगळं उडवतात आणि मग पोलिसांना दाखवायला काहीच उरत नाही). धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, सायबर तक्रारीला १९३०, नाहीतर सरळ पोलीस ठाणं. पोरगं आहे, त्याला काय होतंय असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, २०१२ चा पोक्सो कायदा (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) पोरांनाही लागू आहे आणि लैंगिक हेतूनं मोबाईलवरून लेकराच्या मागं लागणं हा त्यात गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अजून एक, अकाउंटला जन्मसाल कुणाचं टाकलंय ते बघा. बीजीएमआय हे असलंच बंदुकीचं गेम बंदीनंतर २०२३ ला परत आलं तेव्हा १८ च्या आतल्यांना दिवसाला ३ तासच खेळता येईल असं ठेवलं होतं, पण आपल्याकडं लेकरं बापाचं वय टाकून बसतात, मग गेमच्या लेखी तुमचं सातवीतलं पोरगं चाळीस वर्षांचा बाप्या!

प्रश्न : मी २६ वर्षांचा, लातूरला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. रात्री गेममध्ये रँडम स्क्वाड (अनोळखी खेळाडूंसोबतची चौघांची टीम) लावला की बारकी पोरं येतात, मॅच घालवतात, आमचे मित्र त्यांना शिव्या घालून रडवतात. गेमच आहे ना शेवटी?

उत्तर : तुमच्यासाठी गेम आहे हो, पण दहा वर्षाच्या लेकराच्या कानात रात्री तीन बाप्ये ओरडायलेत, त्याला काय गेम वाटणार! आवाज लहान वाटला की गाव, शाळा, नंबर काही विचारायचं नाही. आणि मित्राला 'बारकं आहे रे, बस कर' हे माईक चालू असतानाच म्हणा, मागून रूमवर बोलून काय उपयोग, लेकराला ऐकू गेलं पाहिजे. रँकची एवढीच काळजी असेल तर रँडम लावताच कशाला, रूमवरचेच चौघं मिळून स्क्वाड करा ना.