संकट महिनोन्‌महिने लांबलं तर कंपन्या मालाचा पुरवठा कसा चालू ठेवतात? नुसता साठा करून भागतं का?

नाही भागत. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये परचेस बघतो. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या करतो आम्ही. साठ्यावर आठ-पंधरा दिवस निघतात, पुढचं काम वेगळंच असतं.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतो? कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं पाणी हायवेवर, इकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं. कागदावर आमच्याकडे कास्टिंगला, म्हणजे वितळलेला धातू ओतून बॉडी घडवायला, दोन फाउंड्र्या होत्या, एक शिरोलीची आणि एक इथलीच. ऑडिटवाले खूश. पण पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतायचा साचा करतात तो नमुना, एकच, आणि तो शिरोलीत! इथली भट्टी तयार, माणसं बसून, आणि पॅटर्न पाण्यापलीकडे. मालकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, चहाचा कप नुसता फिरवत बसले.

पाणी उतरल्यावर ॲल्युमिनियमचा दुसरा पॅटर्न करून घेतला. पण तेवढ्यानं होत नाही. सॅम्पल ओतायचं, कापून आत ब्लो होल (हवेची पोकळी) आहे का बघायचं, प्रेशर टेस्ट करायची, मग गिऱ्हाइकाची सही आणायची. दोन महिने गेले त्यात. ऐन संकटात एवढा वेळ कोण देतो? आता रेट थोडा जास्त असला तरी इथल्या फाउंड्रीला अधूनमधून छोटी ऑर्डर देतोच, हात बसलेला राहावा म्हणून.

कोविडमध्ये दुसरंच कळलं. आमचा होनिंगवाला (बॉडीतली भोकं आतून घासून गुळगुळीत करून देणारा) एका मशीनचा धनी. पोरं गावी गेलेली, बँकेचा हप्ता तटलेला. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात ९० सहज होतात (आमचेही व्हायचे). त्या वेळी त्याचं बिल दहा दिवसांत दिलं. उपकार नव्हे, तो बसला असता तर आमची लाइनच थांबली असती. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला, कारखान्यांना मिळेना, तेव्हा गॅस कटिंग सोडून बँडसॉवर (पट्टीच्या करवतीवर) आलो. काम रखडत झालं, पण झालं.

मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. जपानमधल्या २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानं सप्लायरच्या मागचे सप्लायर कोण, ते शोधून यादी केली आणि चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. म्हणून चिपटंचाईचा फटका त्यांना इतरांपेक्षा उशिरा बसला. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये ठरलेल्या उत्पादनात ४० टक्के कपात करावी लागलीच.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातली जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. आमची सील्स युरोपातून येतात, म्हणून ऑर्डर तीन आठवडे आधी टाकतो. स्टोअरमधला पोरगा कुरकुरतो, रॅकवर जागा नाही म्हणतो.