उंदराच्या संवेदी कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या संवेदना घेणाऱ्या बाहेरच्या आवरणातल्या, इंटरन्यूरॉन्सचे इतके वेगवेगळे आकार कशासाठी? आणि चित्रात ते ओळखायचे कसे?

तुमची अडचण अशी आहे, की सगळे इंटरन्यूरॉन, म्हणजे आसपासच्या पेशींशी जोडलेल्या चेतापेशी, शेवटी एकच काम करतात, गाबा हे रसायन बाहेर टाकून दुसऱ्या पेशीला गप्प करतात. मग एकाच आकारावर का भागलं नाही? शिवाय डेंड्राइट (पेशीचे संदेश घेणारे फाटे) बघून प्रकार ओळखायला गेलात तर सगळे सारखेच दिसतात.

दुसऱ्या तक्रारीवर आधी बोलतो, कारण मीही तिथेच अडकलो होतो. काही वर्षं माझं काम एकच होतं: रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) मेंदूच्या कापात एकेका पेशीत बायोसायटिन हे खुणेचं रसायन भरायचं, ती रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा एकेक धागा संगणकावर गिरवायचा. (हो, उंदीर माउसने गिरवायचा. हा विनोद प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात करतो.) त्यातून एक गोष्ट पक्की झाली. इंटरन्यूरॉन ओळखायचा असेल तर डेंड्राइट सोडा, ॲक्सॉन (संदेश पुढे नेणारा धागा) बघा. डेंड्राइट सांगतात पेशी कोणाचं ऐकते. ती कोणाला गप्प करते आणि नेमकं कुठे, हे ॲक्सॉन सांगतो. सगळी विविधता तिथे आहे.

आता पहिला प्रश्न. समोर एक पिरॅमिडल पेशी, म्हणजे कॉर्टेक्समधली मुख्य उत्तेजक (दुसऱ्यांना जागं करणारी) पेशी, आणा. खाली शंकूसारखी पेशीकाया, तिच्या टोकापासून वर गेलेला जाड डेंड्राइट, पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, थरात त्याचा पिसारा, आणि बुडातून खाली निघालेला ॲक्सॉन. पिसाऱ्यावर आलेला संदेश अडवणं वेगळं आणि पेशीकायेवर ब्रेक लावणं वेगळं. वर अडवलं तर तेवढी एक माहिती बाद होते, बाकीच्या माहितीवर पेशी बोलू शकते. पेशीकायेवर अडवलं तर पेशीचं बोलणंच थांबतं. म्हणजे काम एक दिसत असलं तरी ते कुठे होतं यावर परिणाम बदलतो, आणि त्या त्या जागी पोचायचं तर ॲक्सॉनचा आकारही तसाच हवा.

बास्केट पेशींचा ॲक्सॉन शेजारच्या पेशीकायांभोवती टोपलीसारखा विणला जातो. यातल्या बहुतेकांमध्ये पार्वाल्ब्युमिन हे प्रथिन असतं आणि त्या फार वेगाने फायर होतात, म्हणजे विद्युत संदेश सोडतात. थॅलॅमसकडून (संवेदना कॉर्टेक्सकडे पाठवणाऱ्या भागाकडून) आलेला संदेश त्यांनाही थेट आणि जोरात मिळतो. त्यामुळे उंदराची मिशी हलल्यावर उत्तेजक पेशी बोलायला लागते न लागते, तोच काही मिलिसेकंदांत ब्रेक लागतो. शँडेलिअर पेशी त्याहून नेमकी आहे. ती पिरॅमिडल पेशीच्या ॲक्सॉनच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यावरच उभ्या ओळीत सायनॅप्स (पेशींमधल्या जोडण्या) लावते. रंगवलेल्या कापात या उभ्या ओळी झुंबराच्या मेणबत्त्यांसारख्या दिसतात, म्हणून १९७०च्या दशकात सेंटागोथाई यांनी तिला हे नाव दिलं.

माझी लाडकी मात्र मार्टिनोटी पेशी. इटालियन शास्त्रज्ञ गोल्जींचे शिष्य कार्लो मार्टिनोटी यांनी १८८९ मध्ये तिचं वर्णन केलं. ती बऱ्याचदा पाचव्या थरात बसलेली असते, पण तिचा ॲक्सॉन सरळ वर चढतो, मधले थर ओलांडत पहिल्या थरात पोचतो आणि तिथे आडवा पसरून पिरॅमिडल पेशींच्या पिसाऱ्यांवर उतरतो. तिच्यात सोमॅटोस्टॅटिन नावाचा रेणू असतो. गिरवताना हा ॲक्सॉन अतिशय बारीक, मण्यामण्यांचा दिसतो. मधे कुठे तो हातून सुटला की अख्खी दुपार गेली म्हणून समजा.

मी केलेली एक चूक तुमच्याही उपयोगाची आहे. एका पेशीचा ॲक्सॉन तिसऱ्या थरात संपला, म्हणून मी ती ‘मार्टिनोटी नव्हे’ या यादीत टाकली. आमच्या मार्गदर्शक बाईंनी फक्त फोकस वरखाली केला आणि म्हणाल्या, “अहो, हे टोक बघा ना, गाठ आलीय.” ॲक्सॉन संपलेलाच नव्हता, कापला गेला होता. काप साधारण ३०० मायक्रॉन जाडीचा, रॅटचा कॉर्टेक्स त्या भागात जवळजवळ २ मिलिमीटर उंच. काप जरा तिरका गेला तरी वर चढणारा ॲक्सॉन पृष्ठभागातून बाहेर पडतो, आणि कापलेल्या टोकाला छोटी फुगीर गाठ राहते. त्यानंतर मी जुनी अकरा चित्रं पुन्हा तपासली. चार चुकलेली निघाली.

व्हीआयपी (या नावाचा रेणू असलेल्या) पेशींची तऱ्हाच उलटी. या मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या थरात सापडतात, बऱ्याचशा उभट असतात, एक डेंड्राइट वर, एक खाली, आणि ॲक्सॉन अरुंद पट्ट्यात खाली उतरलेला. त्या पिरॅमिडल पेशींपेक्षा सोमॅटोस्टॅटिनवाल्यांनाच जास्त दाबतात. दाबणाऱ्यालाच दाबलं की पिरॅमिडल पेशी मोकळी होते. उंदीर स्वतःहून मिशा हलवतो तेव्हा हालचाली चालवणाऱ्या मोटर कॉर्टेक्सकडून याच पेशींना जोर मिळतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. न्यूरोग्लिआफॉर्म पेशी पहिल्या थरात बऱ्याच असतात. त्यांचा ॲक्सॉन आखूड पण इतका दाट, की गिरवणाऱ्याला रडू येतं, आणि त्यांचा गाबा सायनॅप्सपुरता न राहता आसपास पसरतो.

मांडणी कशी असते? उंदराच्या कॉर्टेक्समध्ये इंटरन्यूरॉन ढोबळमानाने १० ते २० टक्के, बाकी उत्तेजक पेशी. पहिल्या थरात मात्र जवळजवळ सगळ्या पेशी दाबणाऱ्याच. चौथ्या-पाचव्या थरात पार्वाल्ब्युमिनवाल्या भरपूर. मिशांच्या भागात चौथ्या थराला आणखी एक रचना आहे. वूल्झी आणि वान डर लूस यांनी १९७० मध्ये दाखवलं, की तिथे प्रत्येक मोठ्या मिशीसाठी पेशींचा एक वेगळा पुंजका असतो. त्याला बॅरल म्हणतात. चौथ्या थरातल्या बऱ्याच इंटरन्यूरॉन्सचा ॲक्सॉन आपापल्या बॅरलमध्येच घुटमळतो. आणि गंमत म्हणजे इथल्या सोमॅटोस्टॅटिनवाल्या पेशी बहुधा मार्टिनोटी नसतातच! त्यांचा ॲक्सॉन वर न जाता मुख्यतः चौथ्याच थरात पसरतो आणि शेजारच्या पार्वाल्ब्युमिनवाल्यांना गाठतो. रेणू तोच, थर बदलला की पत्ता बदलला. नुसतं रंग देऊन प्रकार ठरवणाऱ्यांवर माझा राग आहे तो यामुळेच.

आडव्या दिशेने बघितलं तर डोळ्याच्या पडद्यासारखी सुबक जाळी इथे दिसत नाही, प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. याचं एक कारण त्यांच्या प्रवासात असावं असं मला वाटतं. उत्तेजक पेशी जिथे जन्मतात तिथून जवळजवळ सरळ वर चढतात. इंटरन्यूरॉन जन्मतात मेंदूच्या खालच्या, गँग्लिऑनिक एमिनन्स नावाच्या भागात, आणि तिथून लांबचा आडवा प्रवास करून कॉर्टेक्समध्ये शिरतात. पण मिसळलेले असले तरी ते आपल्या जातीला सोडत नाहीत. एकाच प्रकारचे शेजारी गॅप जंक्शनने थेट विजेच्या वाटेने जोडलेले असतात. हे १९९९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं.

एकूण प्रकार किती, हे विचारलं नाहीत ते बरं केलंत. २००५ मध्ये चेतापेशींचे आद्य अभ्यासक काहाल यांच्या जन्मगावी, स्पेनमधल्या पेटियामध्ये, तज्ज्ञ नावांवर एकमत करायला जमले आणि वर्णनाच्या समान शब्दांवर समाधान मानून परतले. २०१५ मध्ये रॅटच्या संवेदी कॉर्टेक्सच्या एका संगणकीय प्रतिकृतीत सगळ्या पेशी मिळून आकाराचे ५५ प्रकार धरले होते. २०१८ मध्ये माउसच्या (छोट्या उंदराच्या) कॉर्टेक्सच्या दोन भागांत नुसत्या जनुकांच्या वाचनावरून गाबावाल्या पेशींचे ६१ प्रकार काढले गेले. मला विचाराल तर रोजच्या कामाला वर सांगितलेले पाच पुरतात.

तुमच्यासमोरच्या चित्रात आधी ॲक्सॉन आणि डेंड्राइट वेगळ्या रंगांत आहेत ना, ते बघा. नसतील तर ते चित्र बाजूला ठेवा. असतील तर थरांच्या रेषा शोधा आणि ॲक्सॉनचा सगळ्यात दाट गुंता कुठल्या थरात आहे ते बघा, पेशीकाया कुठे आहे त्याच्या आधी. आणि वर जाणारा ॲक्सॉन मधेच थांबलेला दिसला, तर प्रकाराचं नाव देण्याआधी टोकाला गाठ आहे का तेवढं तपासा.