‘ईस’ ऐकायला बसताना

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. जोआना न्यूसम या अमेरिकन गायिका-हार्पवादिकेचा ‘ईस’ हा अल्बम लावलास, पहिलं गाणं बारा मिनिटं संपेना, आवाज कानाला टोचला, म्हणून बंद केलास. लोक एवढं कौतुक का करतात, हे विचारतोयस. कौतुकाचं तूर्तास सोड. तिकडे पानगळ सुरू आहे, लवकर अंधारतं, संध्याकाळी बाहेर पडवत नाही. 5 गाण्यांच्या 55 मिनिटांसाठी याहून बरे दिवस मिळायचे नाहीत. 2006 मध्ये हा अल्बम आला, तोही नोव्हेंबरातच.

क्रमाने ऐकायचा हट्ट नको. सरळ तिसऱ्या गाण्यावर जा, ‘सॉडस्ट अँड डायमंड्स’वर. तिथे ऑर्केस्ट्रा नाही. नुसता गळा आणि पेडल हार्प, म्हणजे पायाने सूर बदलायचं मोठं, उभं तंतुवाद्य. मुखडा शोधू नकोस, शब्दांच्याही मागे लागू नकोस. कान बोटांवर ठेव. एका हाताची लय दुसऱ्या हाताच्या लयीला आडवी जाते. पश्चिम आफ्रिकेतल्या कोरा या तंतुवाद्याच्या वादनाचा हा संस्कार. तुझा तबल्याचा हात आहे, तीनावर चार बसवायला काय लागतं ते तुला ठाऊक आहे. ही ते वाजवता वाजवता गाते. एकदा ते ऐकू आलं की आवाजाचं चिरकणं वेगळं ऐकू येतं. निदान माझं तसं झालं.

मग पहिल्या गाण्याकडे, ‘एमिली’कडे परत ये. हार्प आणि गळा ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने आधी रेकॉर्ड केला, आणि वाद्यवृंदाची रचना संगीतकार व्हॅन डाइक पार्क्सने त्यावर नंतर लिहिली. म्हणून ऑर्केस्ट्रा तिला ओढत नाही. चांगला पेटीवाला गायिकेच्या श्वासाची जागा भरतो, तशी व्हायोलिनं ओळ संपता संपता येतात. ‘मंकी अँड बेअर’मध्ये मात्र मला त्यांची गर्दी खटकते. गोष्ट जबरदस्त आहे: माकड आणि अस्वल शेतावरून पळतात, माकड गोड बोलून अस्वलीला पैशांसाठी नाचवतं, आणि शेवटी ती समुद्रात शिरून आपलं अंग एकेक करून सोडून देते. एवढ्या गोष्टीला कमी वाद्यं पुरली असती.

आता गीतं समोर ठेवून वाच. एमिली ही जोआनाची धाकटी बहीण, खगोलभौतिकीची अभ्यासक. गाण्यात तिचाही आवाज आहे. बहिणीने शिकवलेला उल्कांचा धडा जोआनाने गाण्यात घातलाय, आणि तो थोडा चुकलाय. प्रकाश पाडणाऱ्या दगडाला ती अशनी म्हणते. अशनी म्हणजे खरं तर जमिनीवर पोचलेला दगड. मला ती चूक फार प्रिय आहे. घरच्या माणसाने सांगितलेलं आपल्या लक्षात असंच राहतं. शेवटचं ‘कॉस्मिया’ वारलेल्या मैत्रिणीसाठी आहे. ते एकट्याने ऐक, मध्ये फोन घेऊ नकोस.

‘ओन्ली स्किन’ जवळजवळ सतरा मिनिटांचं आहे, ते शेवटी ठेव. त्यात बऱ्याच उशिरा गायक बिल कॅलहनचा जाड, संथ आवाज येतो. तो नेमका का आणि कुठे येतो, हे तुझ्या कानाने ठरव आणि मला लिही. माझं मत मी तोवर सांगणार नाही.