वेगवेगळ्या भाषांत ‘ऑल द बेस्ट’ कसं म्हणतात?

तुमच्या टीममध्ये इटली, रशिया, जर्मनी आणि जपानचे सहकारी आहेत, पुढच्या आठवड्यात त्यांचं क्लायंटसमोर मोठं प्रेझेंटेशन आहे, आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत ‘ऑल द बेस्ट’ म्हणायचंय, असं तुम्ही विचारलंय. फार छान कल्पना आहे. पण नुसते शब्द पाठ करू नका, समोरून काय उत्तर येतं तेही माहीत करून घ्या, नाहीतर दचकाल.

इटालियनमध्ये ‘इन बोक्का आल लूपो’ म्हणतात. म्हणजे ‘लांडग्याच्या तोंडात’! उत्तर येतं ‘क्रेपी’, मरो तो लांडगा. हल्ली लांडग्याची बाजू घेऊन ‘व्हिवा इल लूपो’, लांडगा जगो, असं म्हणणारेही आहेत. रशियन ‘नी पूखा, नी पेरा’ हे मूळचं शिकाऱ्यांचं बोलणं: ना लव मिळो, ना पीस, थोडक्यात शिकार न मिळो. यावर ‘क चोर्तू’, म्हणजे ‘सैतानाकडे जा’, असंच म्हणायचं असतं. परीक्षेआधी विद्यार्थी शिक्षकांनासुद्धा हेच उत्तर देतात आणि ते कोणी मनाला लावून घेत नाही. ‘धन्यवाद’ म्हटलं तर मात्र अपशकुन!

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायची रीत आपल्याकडचीच. बाळाच्या गालावर तीट आपणच लावतो. चांगलं उघड बोललं की दृष्ट लागते, ही भीती तिकडेही तीच.

जर्मनबद्दल जरा जास्त सांगते, कारण वडोदऱ्यात मी तीच भाषा शिकवते. ‘फील ग्ल्यूक’ हे साधं, कुठेही चालेल. ‘हाल्स उंड बाइनब्रुख’ म्हणजे मान मोडो, पाय मोडो. हे मूळ युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतल्या ‘यश आणि आशीर्वाद’ अशा अर्थाच्या शब्दांचं बिघडलेलं रूप, असं एक मत आहे. नाटकवाले ‘टॉय टॉय टॉय’ म्हणतात आणि त्यावर आभार मानत नाहीत. मला स्वतःला आवडतं ते ‘इष द्रुके दीर दी डाउमेन’, मी तुझ्यासाठी अंगठे दाबून धरते. यात अंगठा आत घेऊन वरून चार बोटांची मूठ घट्ट आवळायची. लांबून नुसती मूठ दाखवली तरी जर्मन माणसाला कळतं. आणि हो, त्यांच्यापैकी कोणाचा वाढदिवस जवळ आला असेल तर शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, तिकडे ते अशुभ मानतात.

आमच्याकडे बोर्डाची परीक्षा सुरू झाली की केंद्राच्या दारातच मुलांना कुंकवाचा टिळा लावून तोंड गोड करतात. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत त्याआधीच हातावर दही-साखर पडलेली असते, देवाला आणि मोठ्यांना नमस्कार झालेला असतो. ‘यशस्वी हो’ ऐकून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. शेजारच्या गुजराती बा, म्हणजे आजीसुद्धा, ‘आवजो’ (‘या हं’) म्हणूनच निरोप देतात. तुम्हीही प्रेझेंटेशनच्या सकाळी सगळ्यांच्या हातावर चमचाभर दही-साखर घाला, माझा आग्रहच समजा. चार भाषांतल्या शब्दांइतकंच ते लक्षात राहील.

जपानी सहकाऱ्याला तर ते लगेच पटेल. तिकडे परीक्षेला बसणाऱ्यांना किटकॅट देतात, कारण ते नाव ‘कित्तो कात्सु’, म्हणजे ‘नक्की जिंकशील’, याच्या जवळचं वाटतं. बोलताना ‘गानबात्ते’ म्हणा: जीव ओतून कर. यात नशिबाचा उल्लेखच नाही, सगळा भर मेहनतीवर. मात्र हे बरोबरीच्याला किंवा लहानाला. तो सहकारी तुमच्याहून वरिष्ठ असेल तर ‘मेहनत करा’ असं सांगणं उद्धटपणाचं वाटू शकतं. तेव्हा ‘ओएन शितेइमास’ म्हणा, मी तुमच्या पाठीशी आहे.