मॅमॉंची चेरोकी पणजी

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली पूर्वजांची गोष्ट खरी नव्हती असं कळलं, तर ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगायचं का? आणि मुलांची समजूत कशी घालायची? अमेरिकेत मिश्र विवाह झालेल्या मराठी घरांतून हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येतो. डीएनए चाचणीचे डबे नाताळची भेट म्हणून दिले जायला लागल्यापासून तर जास्तच. पूर्व टेनेसीतल्या एका कुटुंबाची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माधवी नाशिकची, नवरा डॅनियल टेनेसीचा, मुलगी ईरा सतरा वर्षांची. डॅनियलच्या आईला ईरा ‘मॅमॉ’ म्हणते. त्या डोंगराळ भागात आजीला असंच म्हणतात. ‘माझी पणजी चेरोकी होती’ हे मॅमॉंनी ईराला लहानपणापासून सांगितलेलं. चेरोकी ही अमेरिकेतल्या आदिवासींची एक जमात. पुरावा काय, तर पणजीच्या गालांची वर आलेली हाडं आणि काळेभोर केस. ईराने ते मनावर घेतलं होतं. सेक्वोया या चेरोकी माणसाने 1821 मध्ये पूर्ण केलेली चेरोकी लिपी ती वहीत गिरवायची. कॉलेजच्या अर्जात ‘अमेरिकन आदिवासी’ या रकान्यात खूण करायचं तिने ठरवलं होतं. मग डॅनियलच्या चाचणीचा निकाल आला. अमेरिकन आदिवासी: शून्य.

घर हादरलं. माधवी रागाच्या भरात बोलून गेली, “आमच्याकडे त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत पूर्वजांची नावं सापडतात. तुमच्याकडे नुसत्या गोष्टी!” डॅनियल गप्प झाला तो झालाच. ईराने आजीचा फोन घेणं सोडलं. माधवी माझ्यासमोर बसली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “ताई, सासूबाईंना सांगू की नको?”

मी म्हटलं, ते नंतर. आधी रकान्याचं बघू, कारण अर्जाची मुदत जवळ आली होती. आणि तिथे माझं मत ठाम होतं: खूण करायची नाही. निकाल पाच टक्के आला असता, तरीही नाही.

ईराला हे पटेना. मग आम्ही नियम काढून वाचले. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने मान्यता दिलेल्या चेरोकींच्या तीन जमाती आहेत: ओक्लाहोमात टॅलेक्वा इथे चेरोकी नेशन आणि युनायटेड किटूवा बँड, आणि नॉर्थ कॅरोलायनात ईस्टर्न बँड. चेरोकी नेशनचं नागरिकत्व हवं असेल, तर डॉज रोल या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या यादीत आपला थेट पूर्वज दाखवावा लागतो. ईस्टर्न बँडसाठी 1924 चा बेकर रोल आणि किमान एक-षोडशांश वंशाची अट आहे. डीएनएच्या टक्क्यांवर कुणीही नागरिक होत नाही. 2018 मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपल्या आदिवासी वंशाच्या दाव्याला आधार म्हणून डीएनए चाचणीचा निकाल जाहीर केला, तेव्हा चेरोकी नेशनने उघड नापसंती दाखवली आणि पुढे वॉरन यांनी माफी मागितली. जमात म्हणजे जिवंत माणसांचं राष्ट्र आहे. आपला नागरिक कोण, हे ते ठरवतात. 1838-39 मध्ये सुमारे 16 हजार चेरोकींना सैन्याच्या बळावर याच मुलखातून पश्चिमेला हाकललं गेलं, त्यात सुमारे 4 हजार दगावले असं मानतात. रिकाम्या झालेल्या त्या जमिनींवर ज्यांची घरं उभी राहिली, त्यांच्या वंशजांनी पुरावा नसताना चेरोकी म्हणवणं मला बरोबर वाटत नाही, आणि हे मी ईराला स्पष्ट सांगितलं. ती रडली. तिला रडू दिलं. जी आजी आपण मनात वाढवली ती हरवणं हेही दुःखच असतं, त्याला ‘एवढं काय त्यात’ म्हणू नये.

पण मला तो निकालाचा कागद पूर्ण बघायचा होता. सगळे एका शून्याकडे बघत बसले होते आणि खाली ‘पश्चिम आफ्रिका, 3 टक्के’ अशी ओळ होती. ती कुणी वाचलीच नव्हती. एवढ्या छोट्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून मी त्यांना कागदपत्रांकडे वळवलं. वंशावळ शोधताना स्वतःपासून मागे जावं, एकेक पिढी पक्की करत. लाडक्या पूर्वजापासून खाली यायला गेलं की माणूस हवं तेच शोधतो.

डॅनियल आणि ईरा मिळून शोधायला लागले. राष्ट्रीय अभिलेखागारात गियन मिलर अर्ज आहेत. न्यायालयाने ईस्टर्न चेरोकींना मंजूर केलेली नुकसानभरपाई वाटण्यासाठी 1906 ते 1909 या काळात सुमारे 46 हजार अर्ज आले होते, त्यातले कितीतरी फेटाळले गेले. फेटाळलेले अर्जही जपून ठेवलेत आणि त्यांत आईवडील, आजीआजोबा, भावंडं यांची नावं असतात. तिथे मॅमॉंचे आजोबा सापडले. ‘आई चेरोकी’ असं त्यांनी लिहून दिलं होतं. अर्ज नामंजूर. म्हणजे गोष्ट मॅमॉंनी रचलेली नव्हती, ती 1907 मध्येही घरात होती. त्या आईच्या नावावरून ते 1870 च्या जनगणनेपर्यंत गेले. मुलगी, आईवडिलांच्या घरात, वर्णाच्या रकान्यात ‘एम’. त्या जनगणनेत हे अक्षर काळ्या-गोऱ्या मिश्र वंशाच्या माणसांपुढे लिहीत. 1880 मध्ये तीच बाई दुसऱ्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), गोऱ्या नवऱ्याच्या घरात, आणि रकान्यात ‘डब्ल्यू’, म्हणजे गोरी.

टेनेसीच्या 1870 च्या राज्यघटनेने गोऱ्यांचं कृष्णवर्णीय वंशाच्या माणसांशी लग्न तिसऱ्या पिढीपर्यंत निषिद्ध केलं होतं. ते कलम 1978 पर्यंत तिथेच होतं. चेरोकी पूर्वजांचा त्यात उल्लेख नव्हता. काळ्या केसांची पणजी चेरोकी म्हणून सांगितली की लग्न टिकतं, मुलं शाळेत जातात, जमीन नावावर राहते. या घरात नेमकं असंच झालं याची लेखी कबुली कुठे मिळणार नाही. पण दक्षिणेतल्या अनेक घरांत असं झालंय, आणि हे कागद त्याच दिशेला बोट दाखवतात.

ईराने विचारलेलं “मॅमॉ खोटं बोलली का?” त्या दिवसानंतर बदललं. ती म्हणाली, “तिला कुणीतरी घाबरून हे सांगितलं असणार.” आजीचा फोन तिने त्याच आठवड्यात घेतला.

आता माधवीच्या प्रश्नाचं उत्तर. सांगायचं, पण सुनेने नाही, मुलाने. चारचौघांत नाही, आणि कागदांचा गठ्ठा पुढे आपटून तर नाहीच. आधी विचारायचं: “आई, तुला पणजीबद्दल अजून काय आठवतं?” डॅनियलने तसंच केलं. मॅमॉ चिडल्या, जनगणना चुकीची आहे म्हणाल्या. त्या अजूनही चेरोकीच म्हणतात आणि घरातलं कुणी त्यांच्याशी वाद घालत नाही. ऐंशी वर्षांच्या बाईकडून कबुली वसूल करणं हे समुपदेशनाचं काम नव्हे. मात्र बोलता बोलता त्यांनी पणजीच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं, जे कुठल्याच कागदात नव्हतं.

अर्जातला तो रकाना ईराने रिकामा ठेवला. लिपी शिकणं सोडू नकोस, असं मी तिला सांगितलं. त्यासाठी वंशज असावं लागत नाही. पुढचा शोध अवघड आहे. पणजीचे आईवडील गुलाम असतील, तर 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुतेक वेळा फक्त वय, लिंग आणि वर्ण लिहिलेला सापडतो, नाव नाही. नावं मिळालीच तर मालकांच्या मृत्युपत्रांत आणि खरेदीखतांत. ती काउंटीच्या न्यायालयात असतात. माधवीने रजा काढलीय, तिघं मिळून जाणार आहेत.