डॅनिश घरच्या मेजवानीला पहिल्यांदा जाताय? गाण्यांबद्दल थोडंसं

भाषा येत नाही म्हणून गप्प बसू नका, सगळ्यात मोठी चूक तीच. तिथे गाणं सादर करत नाहीत, सगळे मिळून म्हणतात. सूर चुकला तरी चालतो.

सुरुवातीला एवढंच करा:

१. वाढदिवसाचं गाणं पाठ करा. त्यात उत्सवमूर्तीचं नाव घालतात आणि दर कडव्यात पहिल्या ओळीनंतर ‘हुर्रा, हुर्रा, हुर्रा’ येतं. निदान हुर्रा तरी खणखणीत म्हणा!

२. ताटाशेजारी घडी घातलेला कागद दिसेल. ते खास त्या माणसासाठी यजमानांनी किंवा पाहुण्यांनी रचलेलं गाणं असतं. चाल सगळ्यांच्या ओळखीची, शब्द नवे: त्याची पहिली सायकल, लग्नातली फजिती. वर चालीचं नाव छापलेलं असतं. ती आदल्या दिवशी यजमानांना विचारून ऐकून ठेवा. डॅनिशमध्ये अर्धी अक्षरं गिळतात, त्यामुळे नुसतं वाचून म्हणायला गेलात की दुसऱ्याच ओळीला मागे पडता. (मी कितीदा पडलोय!)

३. गाणं संपेपर्यंत पेला तोंडाला लावू नका. मग ‘स्कोल’ (म्हणजे ‘चिअर्स’) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा, घोट घ्या, पुन्हा बघा. नवखे पेल्याकडेच बघतात.

गाण्यानंतर उभं राहून जयघोष करतात, त्यात तीन हुर्रांनंतर बहुधा एक लांबलचक हुर्रा येतो. तेव्हा लगेच खाली बसू नका.

स्वतः गाणं रचायचा विचार सध्या नको. आधी दोन-तीन मेजवान्या मनसोक्त गा.