एकाच दगडफुलाचे इतके नमुने हर्बेरियममध्ये कशाला ठेवतात?

तुम्ही विचारलंय की पार्मोट्रेमा परलॅटमच्या, म्हणजे आपल्या शाकुतीत न् गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाच्या, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, एवढ्या नोंदी का, एक बरासा नमुना पुरत नाही का. एमएस्सीला मला पण हेच वाटायचं. मग एकदा भर पावसात चोर्ल्याच्या घाटात गेलो, रस्त्याकडेच्या झाडावरून तळहाताएवढं दगडफूल काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं, वर "चोर्ला" लिहिलं आणि खुश. आठवड्याने उघडलं तर बुरशी (दगडफुलातच बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात म्हणा, पण ही भलतीच!), वर सरांचा पहिला प्रश्न, झाड कुठलं? आठवेना. उंची किती? गप्प. मसाल्यात टाकायच्या पण लायकीचं राहिलं नव्हतं.

हर्बेरियममध्ये ते वाळवून कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवतात, आणि खरी किंमत वरच्या लेबलला: जागा, उंची, कशावर होतं, तारीख, कोणी गोळा केलं, नंबर. त्यात नावाचाच भरवसा कमी. हेच दगडफूल आधी परमेलिया नावाच्या गटात होतं, मधे काही वर्षं त्याला पार्मोट्रेमा चायनेन्स म्हणायचे, आता परत परलॅटम. नवं नाव आलं की नवी चिठ्ठी चिकटवतात, जुनी काढत नाहीत. आणि दिसायला सारख्या जाती इतक्या आहेत की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या पुडीत पण बहुतेक दोन-तीन जाती निघतील. मग कोणीतरी पन्नास वर्षांनी पाकीट उघडतो, वरची साल खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो, पिवळं झालं तर ठीक, नाहीतर नाव परत तपासा. एकच नमुना ठेवला असता आणि नेमका तोच चुकीचा निघाला असता तर?

दुसरं म्हणजे नायलँडर या लायकेन-तज्ज्ञाने (लायकेन म्हणजे दगडफूल ज्यात मोडतं तो गट) 1866 साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेवरून लिहिलं होतं की शहराच्या हवेत लायकेन तगत नाहीत. आता एखाद्या जागी दगडफूल नसेल तर पूर्वी होतं का हे तारखेच्या पाकिटाशिवाय कोण सांगणार? आणि त्यासाठी एक पाकीट नाही, दर काही वर्षांचं हवं.

तुम्ही गोळा करणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी, पिशवी कागदाची, आणि झाडाचं नाव तिथल्या तिथे पेन्सिलीने. शाई आपल्या पावसात टिकत नाही.